देणाऱ्याचा डॉक्टर वेगळा हवा

मूळपेशी प्रत्यारोपणासाठी केलेल्या एचएलए तपासणीचा रिपोर्ट जुळला की घरादाराला हायसे वाटते. थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवून दमलेले आईवडील असोत किंवा ल्युकेमिया झालेल्या तरुणाची बायको असो, त्या कागदावर त्यांची सगळी आशा एकवटलेली असते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. पाठीला एकच भावंड असेल तर चारांपैकी तीन वेळा उत्तर नाही असेच येते. त्यामुळे जुळणारा भाऊ किंवा बहीण सापडली की सगळे लगेच पुढच्या तयारीला लागतात. पैशांची जमवाजमव, रुग्णालयाजवळ भाड्याची खोली, रक्त आणि प्लेटलेट देणारी माणसे, केमोथेरपीची तारीख. या धावपळीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्याच्या अंगातून मूळपेशी काढायच्या, त्या धडधाकट माणसाचा डॉक्टर कोण? बऱ्याचदा उत्तर मिळते, रुग्णाचा डॉक्टर तोच याचाही. ही पद्धत बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नातलग दात्याची तपासणी करणारा, त्याच्याशी एकट्याने बोलणारा आणि गरज पडली तर ‘याच्या पेशी घेऊ नका’ असे सांगणारा डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरहून वेगळा असला पाहिजे.

पेशी काढतात कशा, हे आधी पाहू; कारण ‘रक्त देण्यासारखंच आहे’ एवढ्या एका वाक्यावर पुष्कळदा दात्याची सही होते. जुनी पद्धत अस्थिमज्जेची. दात्याला पूर्ण भूल देतात, पालथे झोपवतात आणि कमरेच्या मागच्या हाडात जाड सुया घालून मज्जा ओढून घेतात. वजनाच्या दर किलोमागे दहा ते वीस मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाची सहाशे मिलिलिटर ते सव्वा लिटरच्या जवळपास. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केले, तेव्हा हाच एक मार्ग उपलब्ध होता. पुढे दुसरा मार्ग निघाला आणि प्रौढ दात्यांसाठी आज तोच जास्त वापरात आहे. यात जी-सीएसएफ नावाचे इंजेक्शन चार-पाच दिवस देतात. वजनाच्या दर किलोमागे रोज दहा मायक्रोग्रॅम हा त्याचा नेहमीचा डोस. त्याने मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात. मग दाता चार-पाच तास अफेरेसिस यंत्राला जोडलेला राहतो. एका हातातून रक्त यंत्रात जाते, हव्या त्या पेशी बाजूला काढल्या जातात, उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. पेशी पुरेशा निघाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडे दुखतात, डोके ठणकते, अंग मोडून येते. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे औषध घालतात त्याने कॅल्शियम उतरते आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. हातांच्या शिरा बारीक असल्या तर मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. लहान मुलाची गोष्ट आणखी वेगळी. यंत्राच्या नळ्यांत मावणारे रक्त त्याच्या एकूण रक्ताच्या मानाने इतके जास्त असते, की नळ्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताने भरून घ्याव्या लागतात. म्हणजे ज्याला काहीही झालेले नाही अशा मुलाच्या अंगात परक्याचे रक्त जाते. यातले बहुतेक त्रास काही दिवसांत ओसरतात, हे खरे. पण हे सगळे ‘रक्तदानासारखे’ नाही, आणि तसे सांगून घेतलेली संमती अर्धीच असते.

जोखीम किती, याचे चांगले उत्तर युरोपातून मिळते. १९९३ ते २००५ या काळातल्या ५१,०२४ प्रत्यारोपणांचा आढावा २००९ साली ‘हेमॅटॉलॉजिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पाच दात्यांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे: एक मज्जा दिल्यानंतर, चार रक्तातून पेशी दिल्यानंतर. गंभीर गुंतागुंतीच्या घटना सदतीस. म्हणजे मृत्यू दहा हजारांत एकाच्या आसपास. जी-सीएसएफने पुढे रक्ताचा कर्करोग होतो की काय, ही भीती अनेकांना असते. त्या आढाव्यात तरी दात्यांमध्ये असे आजार अपेक्षेपेक्षा जास्त आढळले नाहीत. हे आकडे दिलासा देणारे आहेत आणि ते लपवण्याचे काहीच कारण नाही. ज्याला दान करायचे आहे त्याने बिनधास्त करावे, असेच ते सांगतात. पण दात्याची नीट पारख झाली तरच जोखीम इतकी कमी राहते. नेमकी तिथेच नातलगाची बाजू लंगडी पडते. नोंदणीकृत अनोळखी दाता तरुण असतो, कडक निकषांतून निवडलेला असतो. नातलग दाता पंचावन्न-साठ वर्षांचा असू शकतो, त्याला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, आणि तरीही ‘दुसरं कोणी नाही’ म्हणून तो चालवून घेतला जातो. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात नातलग दात्यांना अनोळखी दात्यांपेक्षा तीव्र त्रास झाला आणि वर्षभरानंतरही त्यांच्यातले अनेक जण तितके पूर्ण सावरले नव्हते, असे दिसून आले.

आपल्याकडे आणखी एक बाब जपण्याजोगी आहे. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती त्यामुळेच. सिकलसेलचा फक्त वाहक असलेला भाऊ सहसा दाता होऊ शकतो. पण बाहेरून निरोगी दिसणाऱ्या एखाद्याच्या अंगात वाहकपणापलीकडचा, कधी निदानच न झालेला सिकलसेल आजार असेल, तर जी-सीएसएफ त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा दात्याच्या मृत्यूची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. हिमोग्लोबिनची एक साधी चाचणी हा धोका दाखवते. ती चाचणी मागण्याचे भान कोणाला राहील? रुग्णाच्या शरीरात पेशी लवकर कधी जातील याची चिंता डोक्यावर असलेल्याला, की समोर बसलेल्या या निरोगी माणसाला काही होता कामा नये एवढेच काम असलेल्याला?

इथे कोणाच्या हेतूवर शंका नाही. प्रत्यारोपण करणारे आपल्याकडचे डॉक्टर अफाट कष्ट करतात. प्रश्न त्यांच्यावर टाकलेल्या ओझ्याचा आहे. एकाच माणसाने दोन अशिलांची वकिली करावी आणि त्यातल्या एकाचा लाभ दुसऱ्याच्या अंगातून यावा, अशी ही रचना आहे. न्यायालयात असे चालत नाही. रुग्णालयात मात्र आपण ते चालवून घेतो. अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांची पाहणी २०१० मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात आली, तेव्हा सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत दाता आणि रुग्ण यांची देखभाल एकाच डॉक्टरकडे होती किंवा असू शकत होती. म्हणजे हा दोष आपलाच आहे असे नाही. मात्र केंद्रांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांनी, ज्यांना फॅक्ट-जेसी म्हणतात, यावर नियम केला: दात्याची योग्यता ठरवणारी व्यक्ती रुग्णाची मुख्य प्रत्यारोपण-डॉक्टर असू नये. अनोळखी दात्यांच्या बाबतीत तर हे केव्हाच रुळले आहे. चेन्नईतून २००९ पासून काम करणाऱ्या ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थेतून कुणी परक्यासाठी पेशी दिल्या, तर त्याची विचारपूस करणारी माणसे रुग्णाच्या बाजूची नसतात, त्याचे नावही रुग्णाला कळत नाही आणि तो का कू करतो आहे हे रुग्णाच्या घरच्यांपर्यंत पोचत नाही. जे संरक्षण परक्याला, ते सख्ख्या बहिणीला नाही. आपल्या देशात तर बहुसंख्य दाते घरातलेच असतात, कारण भारतीयांच्या वैविध्यामुळे आणि नोंदणी तोकडी असल्यामुळे अनोळखी दाता जुळणे दुरापास्त. शिवाय गेल्या काही वर्षांत अर्ध्या जुळणीची प्रत्यारोपणे वाढली आहेत. आई, वडील, मुलगा, मुलगी यांचा नमुना अर्धा तर जुळतोच. त्यामुळे पूर्वी ‘जुळत नाही’ म्हणून बाजूला होणारी माणसेही आता दाता ठरतात. दात्यांचा हा परीघ रुंदावत असताना त्यांच्या रक्षणाची सोय मात्र होती तिथेच आहे.

नकाराबद्दल बोलायला आपल्याला आवडत नाही. भावाला वाचवायला नाही म्हणणारा माणूस कसला, असे आपण पटकन म्हणतो. अमेरिकेत १९७८ साली मॅकफॉल विरुद्ध शिंप या खटल्यात एका रुग्णाने मज्जा देण्यास नकार देणाऱ्या चुलत भावावर दावा लावला होता. न्यायाधीशांनी त्या नकारावर नैतिक दृष्ट्या कठोर ताशेरे ओढले, पण जिवंत माणसाच्या शरीरातून काही काढून घेण्याचा हुकूम द्यायला साफ नकार दिला. कायद्याची ती रेषा बरोबर आहे. आपल्याकडे प्रकरण कोर्टापर्यंत जाणारच नाही. दबाव घरातच काम करतो. विवाहित बहीण जुळली तर तिच्या सासरचे काय म्हणतात, ती अंगावर पाजते आहे का, तिला दिवस गेले आहेत का, हे सगळे सासू-सासऱ्यांच्या आणि माहेरच्यांच्या देखत विचारले जाते. दात्याची एचआयव्ही आणि कावीळ ब, क यांची तपासणी अनिवार्य असते. तिचा निकाल कोणाच्या हाती पडतो? आईवडील आणि मुले यांचे नमुने तपासताना कधी पितृत्वाबद्दलची नको ती माहिती बाहेर येते. ती कोण दाबून ठेवणार? यावर उपाय अवघड नाही. नमुना घेण्याआधीच, म्हणजे जुळणी कळण्याच्याही आधी, होणाऱ्या दात्याशी एकट्याने बोलायचे आणि निकाल पहिल्यांदा त्यालाच सांगायचा. त्याला खरोखरच नको असेल तर बाहेर एवढेच कळावे, की तो दाता होऊ शकत नाही. हे खोटे बोलणे आहे, असा आक्षेप काही जण घेतात. मला तो पटत नाही. दुसऱ्याच्या आजारपणात आपल्या शरीराविषयीचे कारण चारचौघांत मांडायची सक्ती कुणावर नसावी, एवढेच त्यामागे आहे.

आणि एक गोष्ट दात्याला आधी नीट उलगडून सांगितलीच पाहिजे. प्रत्यारोपणाआधी रुग्णाला जी जबर केमोथेरपी देतात, ती त्याची स्वतःची मज्जा संपवते. ती सुरू झाल्यावर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाच्या जगण्याची शक्यता फार थोडी उरते. माघार घेण्याचा हक्क कागदावर शेवटपर्यंत असतो, पण व्यवहारात त्या दिवसापासून तो उरत नाही. म्हणून शक्य तिथे पेशी आधी काढून गोठवून ठेवाव्यात आणि मगच रुग्णाची केमोथेरपी सुरू करावी. कोविडच्या काळात, २०२० साली, जगभर अनेक केंद्रांनी नेमके हेच केले. ऐनवेळी दाता आजारी पडला किंवा घाबरला, तरी दोघांपैकी कुणावरच कोसळण्याची वेळ येत नाही.

मुले दाते असतात तेव्हा हा सगळा प्रश्न अधिक टोकदार होतो. थॅलेसेमियाच्या बाबतीत तर तेच नेहमीचे, कारण दाता धाकटी बहीण किंवा मोठा भाऊ असतो, वय चार, सात, नऊ. देशात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा सरकारी अंदाज आहे, आणि त्यांच्या कायमच्या सुटकेचा रुळलेला मार्ग बहुतेकदा भावंडाच्या मज्जेतूनच जातो. अशा वेळी संमती कोण देते? आईवडील. तेच आईवडील आजारी मुलाचेही पालक. एका लेकराचे प्राण आणि दुसऱ्याचे दुखणे यांचे मोजमाप त्यांनीच करायचे. त्यांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण एकाच वेळी दोघांकडून बोलणे माणसाला जमत नाही. बाल दात्यांच्या अमेरिकी अभ्यासांत हे दिसले आहे: मुलांनी स्वतः सांगितलेल्या प्रकृतीपेक्षा आईवडिलांनी त्यांच्या प्रकृतीचे चित्र अधिक चांगले रंगवले. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१० साली बाल दात्यांसाठी अटी घातल्या. तितकाच चांगला प्रौढ नातलग दाता उपलब्ध नसावा, दाता-रुग्ण यांच्यात जिव्हाळ्याचे नाते असावे, रुग्णाला फायदा होण्याची खरी शक्यता असावी, धोका कमीत कमी असावा, आणि पालकांच्या परवानगीबरोबर मुलाचा होकारही असावा. मुलाची बाजू मांडणारी स्वतंत्र व्यक्ती असावी, असेही तिने सुचवले. ब्रिटनमध्ये स्वतः समजून संमती देऊ न शकणाऱ्या मुलाची मज्जा घेण्यापूर्वी एक स्वतंत्र मूल्यमापक त्या मुलाला भेटतो आणि ह्यूमन टिश्यू ऑथॉरिटीची मंजुरी लागते. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कुरन विरुद्ध बॉझे या खटल्यात साडेतीन वर्षांच्या जुळ्यांची, त्यांच्या आईच्या विरोधाला न जुमानता, सावत्र भावासाठी तपासणी करण्याचा आदेश नाकारला. मुलांचे स्वतःचे हित कशात, एवढ्याच मुद्द्यावर तो निकाल उभा आहे.

आपला कायदा या बाबतीत विचित्र जागी थांबला आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतके आली, पण त्या व्याख्येतून रक्त वगळले गेले. अल्पवयीनाकडून जिवंतपणी अवयव वा ऊतक घ्यायचे तर अपवादात्मक वैद्यकीय कारण आणि राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते, असे २०१४ च्या नियमांत आहे. म्हणजे मूत्रपिंडाभोवती कडेकोट तटबंदी आणि मुलाच्या मूळपेशींच्या बाबतीत, रोजच्या व्यवहारात, रुग्णालयाच्या छापील संमतीपत्रावर पालकांची सही. मूत्रपिंडाइतकी तटबंदी मूळपेशींना नकोच. मज्जा पुन्हा भरून येते, मूत्रपिंड येत नाही. पण दोन्हींच्या मधले काहीतरी हवे. २०२० साली अहमदाबादहून बातमी आली, की थॅलेसेमियाग्रस्त भावाला वाचवण्यासाठी गर्भधारणेपूर्वीच जुळणी पाहून जन्माला आलेल्या छोट्या बहिणीची मज्जा त्याला दिली गेली. देशातले ते पहिले उदाहरण. त्या चिमुरडीच्या वतीने बोलणारे माणूस कोण असावे, यावर त्या वेळी झाली त्याहून पुष्कळ मोठी चर्चा व्हायला हवी होती.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला, आणि मनापासून केला जाणारा: ही पाश्चात्त्य व्यक्तिवादाची आयात आहे, आपल्याकडे भावंडे एकमेकांसाठी जीव टाकतात. टाकतात, म्हणूनच. जिथे नाही म्हणणे जवळजवळ अशक्य आहे, तिथेच कुणीतरी त्याच्या बाजूने उभे असण्याची गरज सर्वांत जास्त असते. आणि या प्रेमाची किंमत पेशी दिल्यानंतरही चुकवावी लागते. प्रत्यारोपणानंतर कधी दात्याच्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. रुग्ण दगावला, तर ‘माझ्याच पेशींनी घात केला’ हा सल घेऊन एखादी बहीण वर्षानुवर्षे जगते. तिला कुणी फोन करते का? रुग्णाची फाईल बंद झाली की तिचीही बंद होते, कारण तिची वेगळी फाईल नसतेच. दात्याचा पाठपुरावा एक, पाच आणि दहा वर्षांनी व्हावा, ही शिफारस जागतिक पातळीवर आहे. आपल्या राष्ट्रीय प्रत्यारोपण नोंदींमध्ये दात्याचे हे रकाने भरले गेले पाहिजेत. दुसरा आक्षेप उशिराचा: रुग्ण हातचा जाईल आणि तुम्ही समित्या बसवाल. मी समिती मागतच नाही. एचएलएचा निकाल येईपर्यंत आणि रुग्णाची तयारी होईपर्यंत दिवस जातातच. त्याच दिवसांत, त्याच इमारतीत, दुसऱ्या डॉक्टरने दात्याला तासभर द्यायचा आहे. तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यावहारिक: रक्तविकारतज्ज्ञ आधीच मोजके, दुसरा आणायचा कुठून? पण दात्याला रक्तविकारतज्ज्ञ लागतो कशाला? फिजिशियन चालेल, मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ चालेल, रक्तपेढीचे वैद्यकीय अधिकारी तर चालतीलच. अफेरेसिस यंत्र बहुतेक वेळा त्यांच्याच ताब्यात असते. आपल्या महापालिका आणि सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक आहेत. मुलाशी, भेदरलेल्या सुनेशी बोलण्यासाठी त्यांच्याइतकी तयार माणसे दुसरीकडे मिळणार नाहीत.

सरकारी पैसा जिथे लागतो, तिथे सुरुवात सोपी आहे. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना प्रत्येक मुलाच्या प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत देते. बोरिवलीत मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया आणि मज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. अशी मदत देताना एवढी एक अट घालावी: दात्याचा डॉक्टर वेगळा होता, तो मुलाशी किंवा प्रौढ दात्याशी एकट्याने बोलला, आणि वर्षभराने त्याची तपासणी झाली, याची नोंद. दात्याच्या तपासण्या आणि पुढे काही झालेच तर त्याचा उपचार याच रकमेत धरावा, कारण विम्याच्या अनेक पॉलिसी अवयवदात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देतात आणि नंतरच्या दुखण्याचा वगळतात. अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. बांधकामावर रोजंदारी करणारा भाऊ इंजेक्शने, अफेरेसिस आणि नंतरची विश्रांती मिळून आठवडा-दहा दिवस कामावर जाऊ शकत नाही. त्याची बुडालेली मजुरीही या हिशेबात आली पाहिजे.

तोवर ज्यांच्या घरात असा रिपोर्ट जुळला आहे, त्यांना एक विनंती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी रुग्णाबद्दल विचाराच, आणि मग एवढे विचारा: माझ्या मुलीच्या पेशी घेणार आहात, तर तिचे डॉक्टर कोण, आणि ते तिच्याशी आमच्यापैकी कुणीही खोलीत नसताना कधी बोलणार?